ऐकू येतं, पण बोललेलं पोचत नाही: गाडीतल्या वायरलेस सेटचं नेहमीचं दुखणं

उसाचा हंगाम सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यातच माझ्या टेबलावर गाडीतले वायरलेस सेट येऊन पडायला लागतात. कारखान्याच्या शेतकी विभागाच्या जीप, यार्डातले ट्रॅक्टर, पाण्याचे टँकर, अधूनमधून एखादी रुग्णवाहिका. आणणाऱ्याचं म्हणणं ठरलेलं असतं: "तात्या, ऐकू येतंय सगळं, पण आमचं कुणी ऐकंना." आणि पाठोपाठ, "तसा सेट चांगला हाय, आवाज खणखणीत येतोय."

या दुसऱ्या वाक्यानेच दिशाभूल होते. आवाज खणखणीत येतो यावरून सेटचा ऐकण्याचा भाग चांगला आहे एवढंच कळतं. बोलण्याचा भाग वेगळा आणि त्याची भूक फार मोठी. ऐकताना सेट अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट घेतो, स्पीकर मोठा केला तर एक-दीड. तोच ४५ वॉटचा सेट बोलताना १० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढतो. जी वायर, जे अर्थिंग अर्ध्या अँपिअरला सहज निभावून नेतं, ते १० अँपिअरला उघडं पडतं. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यातून या तक्रारीने माझ्याकडे आलेले बहुतेक सेट आतून धडधाकट निघाले. दोष गाडीत राहिला होता आणि सेट तेवढा काढून आणला होता. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या सेट न काढता, गाडीपाशी उभं राहून करायच्या आहेत. एक माणूस जोडीला घ्या, कारण एकाने पीटीटी, म्हणजे माईकवरचं बोलायचं बटण, दाबायचं आणि दुसऱ्याने बघायचं.

लक्षणं

"जात नाही" एवढ्यावर थांबू नका. नक्की काय होतं ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

– पीटीटी दाबलं की डिस्प्ले मंद होतो, किंवा सेट बंद पडून परत सुरू होतो. ही विजेची खूण.
– इंजिन चालू असताना बोलणं जातं, बंद केलं की जात नाही. हीसुद्धा वीजच.
– सेट बोलायला लागल्याचा लाल दिवा लागतो, बेसला, म्हणजे ऑफिसातल्या मुख्य सेटला, कुणीतरी पीटीटी दाबल्याचं कळतं, पण आवाज नाही; किंवा माईकची वायर हलवली की आवाज येतो-जातो. माईक.
– यार्डात असताना सगळं ठीक, पाच-सात किलोमीटरवर गेलं की बेसला ऐकू जात नाही, पण आपल्याला बेस ऐकू येतो. अँटेना किंवा पडलेली पॉवर.
– पहिली दोन मिनिटं चांगलं, मग बेसकडून "आवाज लांब गेला" असं उत्तर. सेट तापतोय, किंवा अँटेना पॉवर परत फेकतेय.
– लाल दिवाच लागत नाही. पीटीटी स्विच, माईकची वायर किंवा सेटिंग.
– एका ठरावीक वळणावरच बोलणं तुटतं. हा बहुधा दोषच नाही. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीकडे चढायला लागलं की डोंगर मध्ये येतो, आणि या फ्रिक्वेन्सीच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. गाडी दोनशे मीटर पुढे घेऊन परत बोला.

आधी फुकटातलं

चॅनल बरोबर आहे का, पॉवर 'लो'वर तर नाही ना, हे आधी बघा. बऱ्याच सेटवर 'लो'चं बटण माईकच्या हुकाजवळ असतं आणि बोलण्याच्या गडबडीत दाबलं जातं. २५ वॉटचा सेट मग ५ वॉटवर काम करतो आणि यार्डाबाहेर कुणाला ऐकू जात नाही.

माईक सीटच्या फटीत दाबला गेलेला नाही ना, तेही बघा. तसं झालं तर सेट सलग बोलत राहतो, ठरलेल्या वेळेनंतर त्याचा टायमर स्वतःहून बोलणं तोडतो आणि माईक मोकळा होईपर्यंत पुन्हा बोलू देत नाही. तोवर त्या चॅनलवरच्या बाकी सगळ्या गाड्या मुक्या झालेल्या असतात, ते वेगळंच.

डोंगरावरच्या रिपीटरवरून, म्हणजे आपलं बोलणं पकडून पुढे लांबवर पाठवणाऱ्या सेटवरून, काम चालत असेल तर एक फार उपयोगी चाचणी पैसे न मोडता होते. चॅनल मोकळा आहे याची खात्री करा, पीटीटी दाबा, अर्धा सेकंद थांबा, गाडीचा नंबर सांगून "चाचणी" म्हणा आणि सोडा. सोडल्यावर काय ऐकू येतं ते कान देऊन ऐका. बहुतेक रिपीटर आपण बोलणं थांबवल्यावरही सेकंदभर चालू राहतात. तेवढा वेळ सेट उघडा राहतो आणि मग 'खट्' करून बंद होतो. याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट ऐकू आलं म्हणजे आपली लहर रिपीटरपर्यंत पोचली. मग वीज आणि अँटेना यांच्या मागे लागू नका, सरळ माईककडे जा. शेपूट आलं नाही, तर माईकला दोष देऊ नका, पुढे वाचा.

शेपूट न येण्याचं एक कारण टोनचंही असतं. रिपीटरचं दार उघडण्यासाठी बोलण्याच्या तळाशी एक बारीक टोन सतत पाठवावा लागतो, साधारण ६७ ते २५० हर्ट्झमधला. समोरच्या सेटमध्ये तो गाळला जातो म्हणून कानाला कळत नाही. नव्याने चॅनल भरताना हा टोन चुकला तर ऐकू सगळं येतं आणि आपलं मात्र कुणालाच जात नाही, म्हणजे हुबेहूब आपलीच तक्रार. सेट नुकताच प्रोग्रॅम करून आला असेल, किंवा एका चॅनलवर जातं आणि दुसऱ्यावर नाही असं असेल, तर पाना-पक्कड हातात घेऊच नका. ज्याने प्रोग्रॅम केला त्याच्याकडे परत न्या.

त्या अर्ध्या सेकंदाचंही कारण आहे. पीटीटी दाबल्यावर सेटला ऐकण्याकडून बोलण्याकडे वळायला, आपली फ्रिक्वेन्सी पक्की धरायला आणि रिपीटरला टोन ओळखायला थोडा वेळ लागतो. दाबताक्षणी बोललं की पहिला शब्द हवेत जातो. "पलूस गटात गाडी अडकलीय" मधला 'पलूस' गेला तर मागे उरलेलं काय कामाचं?

माईक

माईक ही सेटमधली सगळ्यात जास्त हाताळली जाणारी आणि सगळ्यात स्वस्त वस्तू. आत एक छोटा इलेक्ट्रेट माईक असतो, एक स्विच असतो आणि गुंडाळीच्या वायरमध्ये केसासारख्या बारीक तारा. पीटीटी दाबणं म्हणजे त्यातली एक तार अर्थला टेकवणं, दुसरं काही नाही. सेटमधला प्रोसेसर ती तार खाली आली की बोलायला लागतो.

वायर तुटते ती दोन्ही टोकांना, जिथे ती माईकमध्ये शिरते आणि जिथे कनेक्टरमध्ये शिरते. मधली गुंडाळी चांगली दिसली म्हणून फसू नका. पीटीटी दाबून धरा आणि दोन्ही टोकं हलक्या हाताने वाकवून बघा. लाल दिवा लुकलुकला तर स्विचची तार गेली. दिवा स्थिर राहिला पण समोरच्याला आवाज तुटक गेला, तर आवाजाची तार गेली.

त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतला माईक लावून बघणं हा सगळ्यात पक्का मार्ग. त्याच मॉडेलचा, हे मुद्दाम सांगतोय. आठ पिनांचा कनेक्टर सगळीकडे सारखाच दिसतो, पण कुठल्या पिनेवर काय आहे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाच्या अर्थच्या जागी दुसऱ्याचा सप्लाय येतो आणि चांगला माईक किंवा सेटचा आतला भाग जळतो.

माईकच्या पुढचं बारीक भोक बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, भुशाने आणि रस्त्याच्या धुळीने बुजतं. ते टाचणीने कोरू नका. भोकाच्या मागेच इलेक्ट्रेटचा पातळ पडदा असतो, तो फाटला की माईक संपला. मऊ ब्रशने झटका, बस.

वीज, अर्थिंग आणि फ्यूज

बहुतेक गाड्यांचा दोष इथेच सापडतो. म्हणून इथे घाई करू नका.

एका कारखान्याच्या शेतकी विभागाची जीप होती. तिचा सेट एका हंगामात तीनदा माझ्याकडे आला. दर वेळी टेबलावर लावला की पूर्ण पॉवर देई. दोनदा मी तो तसाच परत दिला, आणि आठवड्यात परत तीच तक्रार. तिसऱ्यांदा मी चालकाला सांगितलं, सेट राहू द्या, गाडीच घेऊन या. बॅटरीवर नाही, तर सेटच्या मागे जिथे वायर सेटला मिळते तिथे मीटर लावला. नुसता सेट चालू असताना १२.५ व्होल्ट. चालकाला पीटीटी दाबायला सांगितलं आणि आकडा ९.४ वर आला. टेबलावर माझा सप्लाय जाड वायरचा, त्यामुळे तिथे हे कधी दिसणारच नव्हतं.

काळी वायर डॅशबोर्डखालच्या एका स्क्रूला दिलेली होती. स्क्रू सोडवला, थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, बाजूला केलं, तर खाली पत्र्याच्या रंगाचा आख्खा गोल तसाच होता, निळा आणि चकचकीत. करंटला रस्ता होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांमधून, आणि त्याही गंजलेल्या. थिंबलच्या पोटाला हिरवी बुरशी धरली होती. पत्रा कोरडा लख्ख होईपर्यंत घासला, नवं थिंबल दाबून सोल्डर केलं, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळलं आणि वरून ग्रीस लावलं. पीटीटी दाबल्यावर १२.१. त्या हंगामात तो सेट पुन्हा आला नाही.

हे घडतं कसं, ते आकड्यांत बघा. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण ०.०१८ ओहम रोध असतो. बॅटरीपासून सेटपर्यंत पाच मीटर जायला आणि पाच मीटर यायला, म्हणजे दहा मीटर धरले तर ०.१८ ओहम. ऐकताना अर्धा अँपिअर म्हणजे ०.०९ व्होल्ट पडला. कुणाच्या लक्षातही येणार नाही. बोलताना १० अँपिअर म्हणजे १.८ व्होल्ट पडला. त्यात एखादा गंजलेला जोड आणखी व्होल्टभर खातो. सेट १३.६ व्होल्ट धरून बनवलेला असतो; थोडं कमी-जास्त तो सोसतो, पण व्होल्टेज फार खाली गेलं की पॉवर पडते, आवाज विद्रूप होतो आणि शेवटी प्रोसेसरच बंद होऊन परत सुरू होतो. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर पडणारं व्होल्टेज पाव भागावर येतं. म्हणून सेटबरोबर आलेली जाड वायर कापून जागी घरगुती फिटिंगची बारीक वायर जोडू नका.

तपासायचं असं:

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. आधी सेटच्या मागे लाल-काळ्या वायरवर मोजा, नुसतं ऐकताना आणि मग पीटीटी दाबून. फरक एका व्होल्टच्या आत असेल तर वीज ठीक, अँटेनाकडे जा. फरक जास्त असेल तर तो कुठे पडतो ते शोधा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं सेटच्या मागच्या धातूच्या बॉडीला लावून पीटीटी दाबायला सांगा. पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. मग तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेटच्या लाल वायरपर्यंत. तिथे जास्त दिसलं तर फ्यूज होल्डर बघा. त्याला हात लावा. बोलल्यावर तो कोमट लागला तर व्होल्टेज तोच खातोय.

ओहमवर मोजून हा दोष सापडत नाही. साध्या मीटरच्या वायरींनाच ०.२ ओहमच्या आसपास रोध असतो, आणि आपल्याला शोधायचाय तोही तेवढाच. करंट वाहत असताना पडलेलं व्होल्टेज मोजणं हीच खरी परीक्षा. अजून एक: पीटीटी दाबताच मीटर भलतेसलते आकडे नाचवायला लागला तर तो मीटरच्या वायरींनी अँटेनाची लहर पकडल्यामुळे. वायरी गुंडाळून आखूड करा आणि अँटेनापासून लांब उभे राहा.

पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या जवळच घाला. वाटेत कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या आधीची वायर कुणीच वाचवत नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून ४५ वॉटचा सेट चालवू नका. काळी निगेटिव्ह वायर, बॅटरी जिथे बॉडीला जोडलेली असते तिथेच, कोऱ्या पत्र्यावर द्या. थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला दिलीत तर तिलाही फ्यूज हवा. कारण इंजिनचा स्वतःचा अर्थचा पट्टा कधी तुटला, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधत तुमच्या सेटच्या काळ्या वायरमधून धावतो.

ट्रक आणि मोठ्या टँकरला २४ व्होल्ट असतात. तिथे दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट चोरायची सवय सगळीकडे दिसते. त्याने एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि वर्षभरात दोन्ही जातात. कन्व्हर्टर लावा, पण बोलतानाचा करंट धरून. ५ अँपिअरच्या कन्व्हर्टरवर सेट दिवसभर गोड ऐकू येतो आणि पीटीटी दाबलं की कन्व्हर्टर मान टाकतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर त्या जागी तार किंवा चांदीचा कागद घालू नका. सेटच्या आत सप्लायवर एक डायोड उलटा बसवलेला असतो. कुणी बॅटरी बदलताना लाल-काळं उलटं लावलं की तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि सेट वाचवतो. फ्यूजच्या जागी तार असली की डायोड, पट्टी (पार्ट बसवलेला आतला बोर्ड) आणि पुढचं सगळं जळतं.

अँटेना

अँटेना अर्धी तुटली तरी ऐकू का येतं, हा प्रश्न रास्त आहे. चांगल्या सेटला पाव मायक्रोव्होल्टच्या आसपासचा संकेतही पुरतो. डोंगरावरचा रिपीटर गाडीपाशी त्याच्या कित्येक पट संकेत आणून देतो. त्यातला नव्वद टक्के वाया गेला तरी ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. बोलताना मात्र आपल्या २५ वॉटमधले नव्वद टक्के गेले तर उरले अडीच.

आधी नुसतं बघा. कांडी वाकलीय का, बुडाशी सैल आहे का, फांदीने टोक तुटून आखूड झालीय का. कांडीची लांबी फ्रिक्वेन्सीवर ठरलेली असते: १५० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी दोन मीटर, तिचा चौथा हिस्सा म्हणजे ५० सेंटिमीटर, ४५० मेगाहर्ट्झला जेमतेम १७. आंब्याच्या फांदीत अडकून दहा सेंटिमीटर तुटलेली कांडी "थोडीशीच तुटलीय" म्हणून चालवू नका.

मग केबल. चुंबकाच्या बेसची केबल दरवाजाच्या रबरातून आत घेतात आणि दिवसातून पन्नास वेळा दरवाजा तिच्यावर आपटतो. वरचं काळं आवरण चांगलं दिसतं, आत जाळी कापलेली असते. केबल त्या जागी बोटांनी चाचपा, चपटी लागली तर बदला. कनेक्टर उघडा. जाळी तांबूस दिसायला हवी. काळी पडली असेल तर पाणी मुरलंय. तेवढा तुकडा कापून भागत नाही, पाणी केशाकर्षणाने लांबवर गेलेलं असतं. पूर्ण केबल बदला.

मीटरने मधल्या पिनेपासून कांडीच्या टोकापर्यंत जोड मिळायला हवा. मधली पिन आणि बाहेरची जाळी यांच्यात साध्या पाव-लहरी अँटेनाला जोड मिळता कामा नये. पण बुडाशी गुंडाळी असलेल्या काही अँटेना डीसीला शॉर्टच दाखवतात आणि ते योग्यच असतं. तशाच दुसऱ्या चांगल्या अँटेनाशी ताडून बघितल्याशिवाय फेकून देऊ नका.

एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा मीटर, असेल तर सेट आणि केबलच्या मध्ये लावा. १.५ च्या आत उत्तम. २ म्हणजे नववा हिस्सा पॉवर परत येते, चालवून घ्या. ३ म्हणजे चौथा हिस्सा परत, बोलणं थांबवा. मीटर आपल्या फ्रिक्वेन्सीचाच असू द्या, २७ मेगाहर्ट्झचा स्वस्त मीटर इथे काहीही दाखवतो. आणि पाणी मुरलेल्या केबलवर मीटर फसवतो: केबल स्वतःच जाता-येता पॉवर खाते, परत येणारं मीटरपर्यंत पोचत नाही आणि आकडा छान दिसतो. मीटर सुरेख आणि बेसला ऐकू नाही, असं झालं की केबलवर संशय घ्या.

अँटेना काढून पीटीटी कधीही दाबू नका. आणि कुणाचा हात कांडीवर असताना तर मुळीच नाही, कातडीला भाजतं.

डब्याच्या आत काय चालतं

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर दोष आत आहे. आत हात घालायचा नसला तरी काय असतं ते माहीत असलेलं बरं, म्हणजे दुरुस्तीवाल्याचं बोलणं कळतं.

ऐकताना अँटेनावरची लहर आधी फिल्टर आणि अँटेना स्विचमधून जाते, थोडी मोठी होते आणि सेटने स्वतः तयार केलेल्या दुसऱ्या लहरीत मिसळली जाते. दोघींच्या फरकाची एक नवी, कमी फ्रिक्वेन्सी मिळते. ती क्रिस्टल फिल्टरमधून गाळतात, कारण शेजारचा चॅनल तिथेच अडवायचा असतो. जुन्या धाटणीच्या सेटमध्ये तेच पुन्हा एकदा करून ४५५ किलोहर्ट्झवर आणतात आणि तिथे फ्रिक्वेन्सीच्या हेलकाव्यातून आवाज काढतात. चॅनल शांत असतो तेव्हा खरं तर रिसीव्हर मोठ्याने खरखरत असतो. स्क्वेल्चचं सर्किट त्या खरखरीवरच नजर ठेवतं. लहर आली की खरखर बसते, आणि ती बसली की स्पीकर उघडतो.

बोलताना उलटा प्रवास. माईकचा आवाज मोठा करून एका मर्यादेत छाटला जातो, म्हणजे ओरडलं तरी शेजारच्या चॅनलवर सांडत नाही. तो आवाज ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी हलवतो. ती फ्रिक्वेन्सी एका क्रिस्टलशी सतत ताडून जागेवर धरलेली असते. मग ड्रायव्हर, मग शेवटचा पॉवर अँप्लिफायर, फिल्टर आणि अँटेना. अँटेना एकच आणि मार्ग दोन, म्हणून मध्ये स्विच लागतो. हल्ली तिथे रिलेऐवजी पिन डायोड असतात. बोलताना त्यांच्यातून करंट सोडला की पॉवरला अँटेनाची वाट मिळते आणि रिसीव्हरचं तोंड बंद होतं. हे डायोड अर्धवट गेले तर ऐकणं ठीक आणि पॉवर निम्मी, असंही होतं.

फिल्टर, क्रिस्टल आणि प्रोसेसर दोन्ही कामांना सामाईक आहेत. म्हणून ऐकणं स्वच्छ असेल तर ते तिघे बहुधा चांगले. मग संशयाला उरतात आवाजाची साखळी, ड्रायव्हर, पॉवर अँप्लिफायर आणि त्याच्यावर लगाम धरणारं सर्किट. २५ वॉट बाहेर टाकायला सेट बॅटरीतून ७० वॉटच्या आसपास ओढतो. बाकी सगळी उष्णता. सेट सीटखाली चिंध्या आणि पोत्यांत गाडलेला असेल तर ती जाणार कुठे? लगामाचं सर्किट उष्णता वाढली किंवा अँटेनाकडून पॉवर परत आली की पॉवर खाली ओढतं. पहिली दोन मिनिटं चांगलं आणि मग क्षीण, ते यामुळे. सेटच्या मागे चार बोटं जागा मोकळी ठेवा.

थांबायचं कुठे

पीटीटी दाबल्यावर सेटच्या मागे १२ व्होल्टच्या वर टिकतात, दुसऱ्या गाडीतला माईक लावून बघितला, चांगली अँटेना लावून बघितली, आणि तरी जात नाही. इथे थांबा. पुढचं काम डमी लोड, पॉवर मीटर आणि फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या सर्व्हिस मॉनिटरशिवाय होत नाही. झाकण काढून आतले स्क्रूसारखे दिसणारे ट्रिमर फिरवू नका. पॉवर वाढेल या आशेने फिरवलेला ट्रिमर फ्रिक्वेन्सी हलवतो किंवा अँप्लिफायर जाळतो, आणि मग मूळ दोष एक आणि नवा दोष दुसरा अशी दोन कामं होतात. शिवाय फ्रिक्वेन्सी आणि पॉवर परवान्यात लिहून दिलेली असते. ती देणं हे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचं काम आहे, आपण गाडीत बसून बदलायची गोष्ट नव्हे. डोंगरावरच्या रिपीटरच्या टॉवरवरही स्वतः चढू नका.

जळका वास आला, फ्यूज दोनदा लागोपाठ गेला, वायरचं आवरण मऊ झालं, तर त्याच क्षणी बॅटरीची वायर काढा आणि माणूस बोलवा.

पाण्यात बुडालेल्या सेटचं वेगळं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. पाणी ओसरल्यावर चिखल भरलेले सेट माझ्याकडे आले. त्यातले वाचले ते, ज्यांना कुणी "चालतोय का बघू" म्हणून वीज दिली नव्हती. ओल्या पट्टीत वीज गेली की तांब्याच्या बारीक रेषा काही तासांत खाल्ल्या जातात. सेट भिजला की पहिल्यांदा बॅटरीची वायर काढा. चालू करू नका, उन्हात तापवू नका, तसाच आणा. जितक्या लवकर आणाल तितकं आतलं धुऊन वाळवता येतं.

सेट दुरुस्तीला आणताना सोबत माईक आणि अँटेनाचा बेस केबलसकट आणा. नुसता सेट आणला तर निम्मा दोष गाडीतच राहतो. आणि एका चिठ्ठीवर तीन आकडे लिहून सेटला चिकटवा: ऐकताना सेटच्या मागे किती व्होल्ट, बोलताना किती, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून सेटच्या बॉडीपर्यंत बोलताना किती पडले. खाली एक ओळ, शेपूट येतं की नाही.